हुडकेश्वरच्या बाईंनी हलका केलेला डबा

मदत कोणी केली ते आधी सांगून टाकतो. हुडकेश्वरच्या टायपिंगच्या बाईंनी. हे शेवटी सांगायला ठेवलं तर गोष्टीच्या भरात मीच शहाणा ठरतो, असा अनुभव आहे. गावी आईला फोनवर ही हकिगत सांगितली, तर तिनं वाडीभर करून टाकलं, "माझ्या झिलान नागपुरात कॉम्प्युटर बनवल्यान." मी काही बनवलेला नाही. मी तो उचलून नेला, उचलून आणला, आणि मधल्या काळात घाबरलो.

घाबरणं हा माझा जुना धंदा आहे. नववीत शाळा सुटली तेव्हापासून कुठल्याही टेबलापाशी उभा राहिलो की वाटतं, आता कोणीतरी विचारणार, तू इथं कसा रे? आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही. मी देवगडच्या बाजूचा. आंब्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून नागपूरला आलो. अमरावती रोडवर वाडी नावाचा भाग आहे, तिथं एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाडी रिकामी झाली. तिथले दिवाणजी म्हणाले, "माणसं कमी आहेत गा, आठ दिवस थांब." गाडी परत गेली, मी थांबलो. आठ दिवस झाले असं पुढं मला कोणी सांगितलंच नाही.

सुरुवातीला माझी झोपायची सोय शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला होती. फरशी बसवणाऱ्या एका गाववाल्यानं तिथं खोली घेतली होती. तिच्यावरच्या मजल्यावर बाईंचं टायपिंग इन्स्टिट्यूट. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले होते, पण शिकणारी पोरं कीबोर्डवर टाइपरायटरसारखीच बोटं आपटायची, त्यामुळं आमचं छत दिवसभर वाजत असायचं. बाई पन्नाशीच्या. चष्मा दोरीनं गळ्यात, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पाण्याची कॅन वर न्यायची असली की जिन्यातून हाक यायची, "कोकण्या, वर ये गा!" मी कॅन ठेवायचो आणि थोडा वेळ बघत उभा राहायचो. त्यांच्या सगळ्या मशीन कोणत्या ना कोणत्या कॉलेजनं टाकून दिलेल्या होत्या, आणि सगळ्या चालत होत्या.

"कशा चालतात?" मी एकदा विचारलं.

"हलकं केलं की चालते," बाई म्हणाल्या. "मशीनही अन् माणूसही."

पुढं मी वाडीतच खोली घेतली. गोदामात बिल्टी लिहिणारा गडी सोडून गेला. बिल्टी म्हणजे मालाबरोबर जाणारा कागद: माल कोणाचा, कुठला, कुठं चालला. दिवाणजींनी माझं अक्षर पाहिलं आणि मला हमालीवरून उचलून खुर्चीत बसवलं. खुर्चीला एकच हात होता. तिचा फोटो मी आईला पाठवला. मी त्यात नव्हतो, नुसती खुर्ची. बसलेल्या माणसाचा फोटो काढून घ्यायला दुसऱ्याला सांगावं लागतं, तेवढा धीर तेव्हा आलेला नव्हता.

टेबलाबरोबर एक कॉम्प्युटरही माझ्याकडं आला. कधीकाळी पांढरा असावा, आता चहाच्या रंगाचा. बटण दाबून दिवाणजी टपरीवर जायचे, चहा पिऊन यायचे, तरी तो विचारच करत असायचा. गाडी सुटण्याआधी सरकारी साइटवरून मालाचं ई-वे बिल काढावं लागतं. आमचा डबा ती साइट उघडेपर्यंत ड्रायव्हर शिव्या देऊन झोपी जायचा. मग मी मेन ऑफिसला फोन करायचो आणि तिकडून बिल निघायचं. असं बरेच दिवस चाललं. शेवटी आमचे शेठ स्वतः आले.

"पाह्य भाऊ," शेठ म्हणाले, "बिल मेन ऑफिसनंच काढायचं असन, तर मी तुले खुर्चीवर कायले बसवू? शोभेले? नवा कॉम्प्युटर भेटणार नाही. याच महिन्यात पुन्हा येतो. हा डबा चालू दिसला तर तू इथं. नाही तर टेबल उचलतो, तू लोडिंगले."

लोडिंग वाईट नाही, मी केलेलं आहे. पण लोडिंगची माणसं कापसाच्या हंगामापुरती. हंगाम सरला की घरी. आणि घरी खुर्चीचा फोटो पोचलेला होता.

रविवारी मी तो डबा चादरीत बांधला आणि सिटी बसमध्ये चढलो. कंडक्टर गाठोड्याकडं बघून म्हणाला, "कोण आहे बे हे?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." तो म्हणाला, "मंग मांडीवर घे त्याले. सीटवर नको बसवू, सवय लागते."

बाईंनी झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं सरल्या.

"बाप्पा! याच्यात तर गादी भरली आहे गा!"

आमच्या गोदामात कापसाच्या गाठी येतात. त्यांचा बारीक तंतू हवेत उडतो, आणि कॉम्प्युटरचा पंखा वर्षानुवर्षं तो आत ओढत आलेला. बाईंनी रंगाच्या ब्रशनं आणि सायकलच्या पंपानं तो काढला. एक छोटी उशी सहज झाली असती. मग त्यांनी पेनड्राइव्ह लावला. "आता याच्यात विंडोज काढून लिनक्स टाकू. हलकं वालं. फुकट असते, अन् कोणाचं काही चोरावं लागत नाही."

पहिल्या पेनड्राइव्हला डब्यानं दारातूनच परत पाठवलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, बाकी शांतता. बाई मात्र खूश झाल्या.

"बरोबर आहे त्याचं. हे चौसष्ट बिटवालं आहे, नव्या मशीनचं. हा म्हातारा बत्तीसचा आहे. जितके दात, तितकंच द्याव खायले."

दुसऱ्या पेनड्राइव्हवर बत्तीस बिटवालं होतं. ते त्यानं गुमान घेतलं. पडद्यावर साधी निळी पाटी आणि एक मेनू आला. ना चित्रं, ना सरकत येणाऱ्या खिडक्या. मला वाटलं, झालं. बाई म्हणाल्या, "आता खरं काम. बस इथं. मी सांगतो, तू कर."

त्यांनी एक यादी उघडून दिली. मशीन सुरू होताना आपोआप काय काय जागं होतं, ते सगळं त्यात.

"हे सगळे लग्नाले आलेले पाहुणे समज," बाई म्हणाल्या. "काम कोणाचंच नाही, पण चहा सगळ्यायले लागते. हा कोण आहे? ब्लूटूथ. या डब्यात ब्लूटूथ आहे काय?"

"नाही."

"तरी त्याच्यासाठी दरवाजा उघडा ठेवून बसला आहे. काढ."

काढला. हा स्कॅनरवाला, काढ. हा दर घंट्याला नवं काय आलं ते पाहायला जाणारा, काढ. मला मजा यायला लागली. खाली कोपऱ्यात मेमरीवरच्या ओझ्याचा आकडा दिसायचा. एकेक पाहुणा गेला की तो आकडा उतरायचा, वजनकाट्यावरून पोतं उचलावं तसा. यादीत एक होता, त्याच्यावर मी बोट ठेवलं. "हा काय करतो?"

"हा इंटरनेटले विचारते, किती वाजले."

मी म्हटलं, "आमच्या भिंतीवर घड्याळ आहे."

बाई हसल्या. "मंग काढ त्यालेही." त्याच झपाट्यात पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळही मी काढलं. म्हटलं, तेवढंच ओझं कमी. बाईंनी माझी पाठ थोपटली. शाळेत असं कोणी केलं असतं तर मी नववी पास तरी झालो असतो.

साइट उघडली. चटकन. मी चारदा बंद करून चारदा उघडली. बाईंनी एकच पथ्य सांगितलं, "एका वेळी एकच खिडकी. दुसरी उघडायची असन तर पहिली बंद. म्हाताऱ्याले दोन सुना एकदम झेपत नाहीत."

संध्याकाळ व्हायच्या आत मी वाडीला पोचलो, डबा जोडला आणि पहिलं बिल काढलं. दिवाणजी चहाला निघाले होते, ते दारातूनच मागं फिरले. "उठला काय गा म्हातारा!" त्यांनी पडद्याला हात जोडले. गोदाम बंद करताना नेहमीप्रमाणं मेन स्विच खाली पाडला आणि त्यालाही हात जोडले. कापूस भरलेला, एक ठिणगी पडली तर राख. म्हणून आमच्याकडं रात्री करंट ठेवतच नाहीत. दिवाणजी म्हणतात त्यांच्या आधीच्या दिवाणजींपासून ही रीत आहे.

सोमवारी सकाळी डबा सुरू झाला, पण साइट उघडेना. इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं. त्यातला सर्टिफिकेट एवढा एक शब्द मला लागला. म्हटलं, माझ्याकडं शाळेचं सर्टिफिकेट नाही हे यालाही कळलं.

बाईंना फोन केला, तेव्हा नुसतं "नेट चालत नाही" एवढंच सांगितलं.

"माझ्याकडं तर चालू आहे," बाई म्हणाल्या. "त्याच पेनड्राइव्हवरून टाकलेलं. तुमच्या वाडीचंच नेट बिघडलं असन. वायर काढ, लाव."

वायर काढली, लावली. राउटर बंद केला, चालू केला. हमालांनी आपापलं निदान सांगितलं. एक म्हणाला नजर लागली, त्यानं मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. दुसरा म्हणाला, "कोकण्यानं याले मासे चारले असतीन, म्हणून उपास धरून राहिला." शेवटी मी एकटाच बसलो, बाईंनी निघताना दिलेला पेनड्राइव्ह लावला आणि सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून टाकलं. एकेक पाहुणा पुन्हा घरी पाठवला. बाईंनी शिकवलेलं काहीही सोडलं नाही. साइट उघडली! दिवसभर चालली.

मंगळवारी सकाळी पुन्हा बंद.

आता इथं शहाण्या माणसानं कोणाला तरी विचारलं असतं. मी घाबरट. बाई म्हणतील, एवढं शिकवलं तरी याला जमत नाही. म्हणून मी मंगळवारी पुन्हा टाकलं. बुधवारीही टाकलं. मग ते अंगवळणीच पडलं. सकाळी लवकर यायचं, दिवाणजींनी मेन वर केला की पेनड्राइव्ह लावायचा, दात घासल्यासारखं लिनक्स टाकायचं, पाहुणे हाकलायचे. टाकताना दर वेळी तो मला आजची तारीख आणि वेळ विचारायचा, आणि मी भिंतीकडं बघून सांगायचो. मनात म्हणायचो, म्हातारा आहे, विसरत असेल. दिवाणजी विचारायचे, "झाली काय याची आंघोळ?" मी म्हणायचो, "पाठ राहिली आहे." पण सकाळच्या गाड्या तोवर ताटकळायच्या. त्यांची बिलं मेन ऑफिसहूनच निघायची, आणि प्रत्येक फोन शेठच्या कानावर जायचा.

मग शेठचा निरोप आला. उद्या सकाळी येतो.

सकाळी! दुपारी आले असते तर निभावलं असतं. तेव्हा मात्र मी बाईंना फोन लावून सगळं सांगून टाकलं.

"रोज?" बाई म्हणाल्या.

"हो."

"रोज सकाळी पूर्ण पुसून नव्यानं टाकून राहिला तू?"

"हो. मला वाटलं, हलक्या सिस्टीमचं असंच असतं."

बाई अशा हसायला लागल्या, की मागं वर्गातलं टायपिंग थांबलेलं मला फोनवर कळलं. "अरे बह्याडा! माणसं एकदा टाकतात अन् दहा वर्षं पाहत नाहीत! मले काहून नाही सांगितलं?" मग त्यांचा आवाज उतरला. "उद्या त्याले हात लावू नको. बिघडलेलाच राहू दे. मी येतो."

सकाळी शेठ आधी पोचले आणि माझ्याच खुर्चीत बसले. मी टेबलापाशी उभा. डबा सुरू होता, साइट बंद होती, लिंबू-मिरची लोंबत होती. शेठनी ती बोटानं हलवून पाहिली. "हे कोणतं सॉफ्टवेअर आहे?" दिवाणजींनी घसा साफ केला. तेवढ्यात ट्रकच्या रांगेतून वाट काढत एक स्कूटी आली. तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट, मिररला पिशवी. हुडकेश्वरपासून वाडीपर्यंत. आमच्या रस्त्यावर ट्रकवालेही जपून येतात.

"तुम्ही कोण?" शेठनी विचारलं.

"याची मास्तरीण," बाई म्हणाल्या. "सरका थोडे."

शेठ सरकले. मी पहिल्यांदाच त्यांना कोणासाठी सरकताना पाहिलं. बाईंनी काळी खिडकी उघडली आणि चार अक्षरं टाइप केली. उत्तर आलं. बाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"कोकण्या, याच्या हिशोबानं तू अजून बालवाडीत आहे गा."

डबा फार जुनी तारीख दाखवत होता. त्याच्या जन्माच्या आसपासची.

"हे पाहा शेठजी, प्रत्येक साइट आपला परवाना दाखवते, अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत चालू. याले वाटते आपण कितीतरी वर्षं मागं आहोत. दिवाणजी, पुढच्या सालाची तारीख घातलेली बिल्टी घेऊन कोणी आला, तर तुम्ही घ्यान काय?"

"कायले घेऊ? बोगस असन!"

"हाच म्हणून राहिला, बोगस आहे." मग बाई दिवाणजींकडं वळल्या. "रात्री तुम्ही काय करता?"

"घरी जातो."

"अहो, याचं काय करता?"

"मेन पाडतो. कापूस आहे नं बाई."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये मेन कधी पाडतच नाहीत. करंट पूर्ण गेला तरी वेळ लक्षात राहावी म्हणून प्रत्येक डब्यात बटणाएवढी एक बॅटरी असते. आमच्याची संपली होती. बसमधून नेण्या-आणण्यापुरता जीव तिच्यात होता, रात्रभराचा नव्हता. "अन् इंटरनेटले वेळ विचारणारा एकच पाहुणा कामाचा होता," बाई म्हणाल्या, "त्याले आपण दोघांनी हसत हसत हाकललं. चूक माझीही आहे. मी पाठ थोपटली."

त्यांनी हातानं तारीख बरोबर केली. साइट उघडली.

शेठ म्हणाले, "आज उघडली. उद्या सकाळी?"

प्रश्न बरोबर होता.

बाईंनी डबा बंद केला, वायर काढली आणि झाकण उघडलं. केसातला आकडा काढून त्यानंच आतली बॅटरी उचकटली. "पिशवीत एक घेतली होती, ती टीव्हीच्या रिमोटची निघाली. शेठजी, गाडीची चावी द्या."

"काहून? स्कूटी पंक्चर झाली काय?"

"द्या तर."

चावी हातात आल्यावर त्यांनी तिची पाठ उघडली. आतून अगदी त्याच मापाची चकती निघाली. शेठ अर्धे उठले. "अहो, अहो! मंग माझी गाडी कशी उघडीन?"

"चावी आहे नं? भोकात घालून फिरवायची. जमन तुम्हाले, हुशार दिसता."

हमालांपैकी कोणीतरी खोकला. चकती डब्यात बसली. बाईंनी डबा सुरू केला, तारीख पुन्हा घातली, आणि म्हणाल्या, "दिवाणजी, रात्री पाडता तसा मेन पाडा."

दिवाणजींनी पाडला. सवयीनं हात जोडले. पंखे थांबले. गोदामात बाहेरच्या ट्रकचा घरघराट तेवढा राहिला. मी मनातल्या मनात आमच्या गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, आणि गावात सगळे मिळून म्हणतात ते "होय महाराजा" म्हणायलाही मीच. दोन हजार रात्री गेल्यासारखं वाटल्यावर बाई म्हणाल्या, "उठवा."

काळ्या पडद्यावर अक्षरं धावली. निळी पाटी आली. बाईंनी हात मागं घेतले आणि मला म्हणाल्या, "तू उघड."

मी उघडली. उघडली!

शेठनी बराच वेळ पडद्याकडं पाहिलं. मग उठले आणि एकच हात असलेली ती खुर्ची पायानं माझ्याकडं लोटली. "बस. बाहेर तीन गाड्या उभ्या आहेत, त्यायची बिलं काढ." जाताना दाराशी थांबून म्हणाले, "अन् ते लिंबू काढ." गाडीपाशी चावी घेऊन ते कुलपाचं भोक शोधत होते, तेव्हा हमाल कापसाच्या गाठींमागं जाऊन हसून आले.

बिलं झाल्यावर बाईंना स्कूटीपर्यंत सोडायला गेलो. हाकललेला तो पाहुणा त्यांनी परत बोलावून बसवला होता. टपरीवर चहा घेतला. मला खूप काही बोलायचं होतं, पण ट्रकच्या हॉर्नमध्ये एवढंच म्हटलं, "बाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात."

"तू कुठून आला रे?" बाई म्हणाल्या. "समुद्रापासून. मी तर हुडकेश्वरवरून आली." मग स्कार्फ बांधता बांधता म्हणाल्या, "रोज सकाळी टाकलं नं तू? माझ्या वर्गातल्या एकाही पोट्ट्यानं इतक्यांदा नाही टाकलं. तुले आता झोपेतही येईन." थोडं थांबून त्यांनी आपल्या माहेरचं काढलं, पारशिवनीचं. तिथल्या आसपासच्या खेड्यांतल्या मुली टायपिंगसाठी रोज नागपूरची बस धरतात. "तिकडंच एक वर्ग टाकावा म्हणतो. जुन्या मशीन भेटतीन. पण त्या बिघडल्या की पाहीन कोण?"

मी चहाचा कप धरून उभा राहिलो. बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. हेल्मेट घातलं आणि ट्रकच्या मधून निघून गेल्या.

उत्तर इथं लिहितो. बाई, पारशिवनीचा वर्ग ज्या दिवशी उघडाल, त्याच्या आदल्या दिवशी मी तिथं हजर असेन. तिथली एकेक मशीन मी स्वतः उघडेन, साफ करेन, हलकी करेन आणि पहिल्या मुलीनं बोट ठेवण्याआधी चालवून दाखवेन. पुढं त्या बिघडतील तेव्हा तुम्ही फोन करायचा, मी यायचं. रविवारी मला सुट्टी असते. तुम्ही सांगाल तितके माझे रविवार तुमचे.